अध्यक्ष बदलला तेव्हा मैदानात काय चाललं होतं? प्रश्नमंजुषेची फेरी अशी बसवा

अमेरिकेतले सत्ताबदल आणि बेसबॉलचा इतिहास एकत्र करून दहा प्रश्नांची फेरी बसवायची असेल, तर आधी प्रश्न लिहायला बसू नका, तारखा मांडा. या विषयावरचे प्रश्न बहुधा एकाच कारणाने वादात सापडतात. प्रश्न काढणाऱ्याने साल धरलेलं असतं आणि अध्यक्ष मात्र वर्षाच्या मधेच बदललेला असतो.

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात सत्ताबदलाचा दिवस, दुसऱ्यात जाणारा आणि येणारा अध्यक्ष, तिसऱ्यात त्या हंगामातली घटना, तिच्याही तारखेसकट. मुदत संपायच्या आत उपाध्यक्ष थेट अध्यक्ष झाला, असं आजवर नऊदा घडलं. त्यातले १८४१, १८५० आणि १८६५ हे बदल सोडून द्या, कारण नॅशनल लीग ही बेसबॉलची मोठी साखळी स्पर्धाच मुळी १८७६ ची. उरतात १८८१, १९०१, १९२३, १९४५, १९६३ आणि १९७४. आजची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची विजेतेपदाची सामन्यांची मालिका, १९०३ पासूनची असल्याने पहिल्या दोन सालांना तिचा प्रश्न लावता येत नाही. १९६३ मधूनही फारसं काही निघत नाही: वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्स संघाने यांकीज संघाला ४-० असं हरवलं ते ऑक्टोबरमध्ये आणि केनेडींची हत्या झाली २२ नोव्हेंबरला.

१९२३ मात्र सोन्याची खाण आहे. यांकी स्टेडियम उघडलं १८ एप्रिलला, तेव्हा अध्यक्ष होते हार्डिंग. २ ऑगस्टला ते सॅन फ्रान्सिस्कोत वारले. व्हरमाँटमधल्या घरी मध्यरात्र उलटून गेल्यावर, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, उपाध्यक्ष कूलिज यांना त्यांच्या वडिलांनीच शपथ दिली. यांकीजनी पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली ती ऑक्टोबरात, म्हणजे कूलिज यांच्या काळात. आता ‘यांकी स्टेडियमच्या पहिल्या वर्षी अध्यक्ष कोण होते?’ असं विचारलंत, तर दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात आणि भांडण ठरलेलं. ‘यांकी स्टेडियममध्ये पहिला सामना झाला त्या दिवशी’ असं विचारा, एकच उत्तर उरतं.

१९७३-७४ ची जोडगोळी याहून सरस. १० ऑक्टोबर १९७३ ला उपाध्यक्ष ॲग्न्यू यांनी राजीनामा दिला. त्याच दुपारी मेट्स आणि रेड्स या संघांत नॅशनल लीगचा निर्णायक सामना चालू होता. सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू असताना बेसबॉलवेडे न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट चिठ्ठ्यांवर स्कोअर मागवत होते. एका चिठ्ठीवर राजीनाम्याची बातमी आणि ‘मेट्स २, रेड्स ०’ हे दोन्ही लिहिलेलं होतं. मेट्सनी पुढे ७-२ ने बाजी मारली. रिकाम्या जागेवर, १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार, ६ डिसेंबरला फोर्ड आले. ४ एप्रिल १९७४ ला सिनसिनाटीत हँक ॲरनने ७१४ वा होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारून बेब रूथच्या विक्रमाला गाठलं, तेव्हा फोर्ड उपाध्यक्ष म्हणून तिथे हजर होते. ९ ऑगस्टला ते अध्यक्ष झाले. इथे एक चूक हमखास होते. रूथला मागे टाकणारा ७१५ वा होम रन चार दिवसांनी, अटलांटात मारला गेला. ‘विक्रम मोडला तेव्हा फोर्ड हजर होते’ असं लिहिलंत, की प्रश्न बाद.

वारसदार म्हणजे फक्त अध्यक्ष नव्हेत. बेसबॉलचे पहिले कमिशनर (सर्वोच्च प्रशासक) लँडिस नोव्हेंबर १९४४ मध्ये वारले. त्यांच्या जागी केंटकीचे सिनेटर हॅपी चँडलर निवडले गेले ते २४ एप्रिल १९४५ ला, म्हणजे ट्रुमन अध्यक्ष झाल्याला बरोबर बारा दिवस झाले तेव्हा. दोन्ही खुर्च्यांचा एकत्र प्रश्न करा, जाणकार खूश होतात. नंतरचे कमिशनर सेलिग यांच्याबाबत मात्र ‘कमिशनर कधी झाले?’ असं मोघम विचारू नका. तात्पुरता कारभार त्यांनी १९९२ मध्ये घेतला, रीतसर नेमणूक झाली १९९८ मध्ये.

संघांचीही गादी बदलते. १९२४ ची वर्ल्ड सिरीज जिंकणारा वॉशिंग्टनचा संघ म्हणजे आजचा मिनेसोटा ट्विन्स. १९६१ मध्ये वॉशिंग्टनला नवा संघ मिळाला, तो १९७२ मध्ये टेक्सास रेंजर्स झाला. आजचे नॅशनल्स २००५ ला माँट्रियलहून आले. शिवाय १९२४ च्या संघाला सेनेटर्स आणि नॅशनल्स अशी दोन्ही नावं चालत, तेव्हा उत्तरपत्रिकेत दोन्ही ग्राह्य धरा. १९०४ आणि १९९४ ला वर्ल्ड सिरीज झालीच नाही, हेही कोपऱ्यात लिहून ठेवा.

दंतकथा टाळा. सातव्या इनिंगला प्रेक्षकांनी उभं राहण्याची प्रथा अध्यक्ष टाफ्ट यांनी पाडली, असं सांगतात. ती प्रथा १८६९ च्या एका पत्रातच वर्णिलेली आहे. हंगामाच्या सलामीला अध्यक्षाने पहिला चेंडू टाकण्याचा मान मात्र टाफ्ट यांचाच, १४ एप्रिल १९१०, वॉशिंग्टन.

चार प्रश्न सोपे, चार मध्यम, दोन कठीण ठेवा. न्यू जर्सीतल्या एखाद्या मंडळासमोर फेरी असेल तर बेसबॉल थोडा कठीण चालेल. पुण्यात किंवा नागपुरात घेणार असाल तर मैदानाचा संदर्भ प्रश्नातच द्या आणि उत्तर राजकारणातलं मागा. प्रश्न तीस शब्दांत बसवा, त्याहून लांब प्रश्न ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहत नाही. प्रश्नात ‘तेव्हा’ किंवा ‘त्या वर्षी’ आलं की थांबा आणि तिथे तारीख घालून पाहा. मग विषय माहीत नसलेल्या एकाला वाचायला द्या. त्याने ‘म्हणजे नेमकं कधी?’ विचारलं, तर पुन्हा लिहा.

बरोबरी झाल्यास आकड्याच्या सर्वांत जवळ जाणारा संघ जिंकेल असा प्रश्न राखून ठेवा: ॲरनच्या ७१४ व्या होम रननंतर किती दिवसांनी फोर्ड अध्यक्ष झाले? एप्रिलचे २६, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ९, एकूण १२७. सामन्याचा दिवस धरलेला नाही, हे प्रश्न वाचतानाच सांगा.