अमेरिकी यादवी युद्धाची कारणं वाचायची कशी?

तारखा पाठ करत बसू नका. आधी अमेरिकेचा नकाशा घ्या आणि ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशावर पेन्सिलीनं रेघ ओढा. मी मुलांना शिकवताना दर वेळी इथूनच सुरुवात करते. लुइझियाना खरेदीच्या, म्हणजे १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मुलखात, मिसूरी सोडून, या रेघेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही, असं १८२० च्या तडजोडीत ठरलं. आता ती रेघ खोडा. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं तेच केलं. निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोपवला आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडलं.

त्याआधीच्या, १८५० च्या पळालेल्या गुलामांविषयीच्या कायद्यापाशी मात्र थांबा. घाई नको. पकडलेल्या माणसाला मालकाकडे धाडलं तर प्रकरण ऐकणाऱ्या सरकारी कमिशनरला १० डॉलर, सोडलं तर ५. त्या माणसाला स्वतःची साक्षही देता येत नसे. हे वाचून दाखवताना माझा आवाज आजही कापतो. तोवर गप्प बसलेल्या उत्तरेतल्या कितीतरी लोकांना गुलामगिरी आपल्या दारात उभी दिसली, ती या कायद्यामुळे.

१८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल, ज्यात सर्वोच्च न्यायालयानं नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा काँग्रेसचा अधिकारच नाकारला, आणि १८६० ची, गुलामगिरीचा प्रसार थांबवू पाहणाऱ्या लिंकनची अध्यक्षपदी निवड, हे दुवे मग आपोआप जुळतात.

‘भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं’ असं कुणी म्हणालं, तर दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याचा १८६१ चा, अमेरिकेतून फुटून निघण्याचा जाहीरनामा उघडा. आपली भूमिका गुलामगिरीशी पुरती जोडलेली आहे, असं तो सुरुवातीलाच सांगतो. आणि तो १० डॉलरांचा कायदा उत्तरेतल्या राज्यांचा विरोध डावलून दक्षिणेनंच रेटला होता, हेही त्यांना दाखवा.