इराक्व भाषेतले नामांचे प्रत्यय: मराठी डोक्याने शिकताना या चुका टाळा

आधी एक क्लिअर करतो, इराक्वचा इराक देशाशी काही संबंध नाही. ही उत्तर टांझानियातली, म्बुलू-करातू भागातली कुशिटिक (पूर्व आफ्रिकेतलं एक भाषाकुळ) भाषा.

आपली सगळ्यात मोठी चूक होते ती 'चा-ची-चे' शोधण्यात. आपण 'वडिलांची काठी' म्हणतो, म्हणजे प्रत्यय वडिलांना लागतो आणि काठी जशीच्या तशी राहते. इराक्वमध्ये बरोबर उलटं. काठी म्हणजे 'ह्हर', आणि 'माझ्या वडिलांची काठी' होतं 'ह्हरता बाबूए', म्हणजे 'ता' चिकटला काठीला, कारण ती स्त्रीलिंगी, आणि त्या 'ता'वर सूरही चढतो. वडील म्हणजे 'बाबा', हे लक्षात ठेवायला आपल्याला सोप्पं! पण 'बाबू' बघून लाडाचं नाव समजू नका, तो 'ऊ' पुल्लिंगी जोड (वरच्या 'ता'सारखा, नामाला पुढच्या भागाशी जोडणारा प्रत्यय) आहे आणि पुढचा 'ए' म्हणजे 'माझा'.

हा जोड लिंगावर ठरतो, पुल्लिंगी नामाला ऊ किंवा कू, स्त्रीलिंगीला र किंवा ता, तिसऱ्या लिंगाला आ. विशेषण नामानंतर येतं तेव्हाही तो नामाला लागतोच, 'वाह्ला' म्हणजे अजगर आणि मोठा अजगर 'वाह्लार उर'. नुसतं 'वाह्ला उर' म्हणलात की गेलं.

दुसरा घोळ तिसऱ्या लिंगाचा. पुस्तकात नपुंसकलिंग असं वाचून आपण 'मूल', 'झाड' टाइप काहीतरी डोक्यात धरतो, पण इथे या लिंगाच्या नामाला क्रियापद अनेकवचनी रूपात लागतं, नाम एकवचनी असलं तरी.

अनेकवचनाचं तर विचारूच नका. भाषाशास्त्रज्ञ मार्टेन मौस यांच्या १९९३ च्या इराक्व व्याकरणात अनेकवचनाचे १४ प्रत्यय दिलेत आणि कुठल्या नामाला कुठला ते नामागणिक पाठच करावं लागतं, शिवाय अनेकवचन झालं की बऱ्याचदा लिंगही बदलतं, आपल्याकडे मुलगा पुल्लिंगी तर मुलगेही पुल्लिंगीच, तसं इथे धरून चालू नका. वहीत शब्द लिहिताना एकवचन, अनेकवचन आणि दोन्हींचं लिंग वेगवेगळं लिहा, नाहीतर नंतर जोड चुकतो आणि चूक नक्की कुठे झाली तेच कळत नाही.

आणि हो, कर्म क्रियापदाला अगदी चिकटून आलं की तिथेही हाच जोड लागतो. 'अना हीमू उरूख', मी दोर ओढतो. त्यातला 'ऊ' बघून 'दोराचा काय?' असं शोधत बसू नका, पुढे फक्त ओढणं आहे.