रोड बाईकला रुंद टायर टाकायचेत? आधी फ्रेम मोजा, व्हील्सचं नंतर बघू

घोडबंदर रोडला गायमुखच्या पट्ट्यात रोड सायकलच्या २३ च्या (म्हणजे २३ मिमी रुंद) टायरमध्ये ठासून हवा भरून जो एकदा गेलाय त्याला रुंद टायर कशाला ते समजवायला नको, हात मनगटापर्यंत बधिर होतात. पण म्हणून लगेच नवीन व्हीलसेट घ्यायला पळू नका. ठाणे-नवी मुंबईत चालवणाऱ्या बऱ्याच जणांचं काम जुन्याच रिमवर २८ चे टायर टाकून भागतं.

सगळ्यात आधी फ्रेममध्ये जागा किती ते बघा. टायर तीन ठिकाणी अडतो, पुढे फोर्कच्या क्राउनखाली (चाकाच्या वर फोर्कचे दोन पाय जुळतात तिथे), मागे ब्रेकखाली आणि चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या दोन नळ्यांच्या) बेचक्यात, आणि ही शेवटची जागा पटकन दिसत नाही म्हणून तीच राहून जाते. टूलकिटमधली ४ ची अॅलन की घ्या आणि टायरच्या दोन्ही बाजूंनी आणि वरून सरकवून बघा, आरामात जाऊन वर जागा उरत असेल तरच पुढची साईज. वरूनही बघायचं कारण टायर रुंद होतो तसा उंचही होतो. नवीन टायर चढवल्यावर पण तीच की सगळीकडे फिरली पाहिजे. दुकानदार "बसतंय की साहेब" म्हणतो आणि स्टँडवर बसतंही हो, पण येऊरच्या चढाला उभं राहून पेडल मारलं की चाक थोडं वाकतं, त्यात रिमला आऊट (रिम वाकडी फिरत) असला की टायर चेनस्टेला घासतो, आणि पावसाळ्यात टायरला चिकटून आलेली बारीक खडी तिथला रंग पार खरवडून काढते.

रिम ब्रेकवाल्यांनी कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेकचा चिमटा, पण बघा. शिमानो १०५ च्या आर७००० कॅलिपरमध्ये २८ पर्यंत चालतं, जुन्या कॅलिपरमध्ये बऱ्याचदा २५ लाच गाडी अडते. ३२ हवेत तर शक्यतो डिस्कवालीच सायकल लागणार.

आता रिम. रिमवर ६२२x१९ असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला १९ म्हणजे आतली रुंदी मिलिमीटरमध्ये. हा आकडा महत्त्वाचा, कारण तोच टायर १५ च्या रिमवर बारीक आणि २१ च्या रिमवर दोनेक मिमी फुगलेला बसतो. त्यामुळे टायरवर २८ लिहिलंय म्हणून २८ च भरेल असं नाही, हवा भरून एक दिवस ठेवा आणि व्हर्नियरने मोजा. नवीन व्हील्स घ्यायचीच असतील तर २८ ते ३२ साठी आतून १९ ते २१ बघा, आणि पैसे देण्याआधी अॅक्सल आणि फ्रीहब (मागच्या चाकाचा गिअर बसतात तो भाग) आपल्या सायकलला जुळतो ना ते विचारा.

हुकलेस, म्हणजे टायर धरून ठेवायला आतल्या कडेला आकडा नसलेली रिम स्वस्तात मिळाली तरी मी घेणार नाही. तिला ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआयची मर्यादा, टायरही हुकलेसला चालणाराच लागतो, आणि आपल्या पंपांचे गेज किती खरं बोलतात ते सगळ्यांना माहितीये. ट्यूबलेस (ट्यूबशिवायचे) टायर असले तरी ८५-९० किलोचा माणूस २८ वर त्या मर्यादेच्या अगदी काठावर जातो.

हवेचं म्हणाल तर रुंद टायर घेऊन १०० पीएसआय भरली तर फरक काय कळणार, घेतले कशाला मग! ७० किलोच्या आसपास वजन आणि ट्यूब असेल तर २८ ला मागे ७५ च्या आसपास, पुढे ५ कमी, ३२ ला ६० पासून सुरुवात करा. पाम बीच रोडसारख्या सपाट रस्त्यावर थोडी जास्त चालेल. खड्ड्यात रिमला ठोका बसला तर हवा कमी पडतेय, हँडल सारखं थरथरतंय तर जास्त झालीय.

ट्यूब पण बघून घ्या, जुनी १८-२३ वाली ३२ मध्ये ताणून बसवू नका, आणि डीप (जास्त खोलीची) रिम असेल तर लांब व्हॉल्व्ह लागेल. चाकावरच्या सेन्सरवाला मीटर असेल तर त्यात चाकाचा घेर पण बदला, २५ ला २१०५ मिमी, २८ ला २१३६, ३२ ला २१५५, नाहीतर २५ वरून ३२ ला गेल्यावर १०० किमीच्या राईडला दोनेक किमी कमीच दाखवत बसेल.