फुली दिसली तरच नोंद?

सोलापुरात कोळ्यांवर प्रोजेक्ट करायचा म्हटलं की बरेच जण आर्जिओपी, म्हणजे सिग्नेचर स्पायडर निवडतात. खुशाल निवडा. पावसाळा सरत आला की केगावच्या माळावर, शेताच्या बांधावर, काटेरी कुंपणात मादी सापडते. जाळ्याच्या मधोमध डोकं खाली, पाय जोडीजोडीने ताणलेले. नान्नजच्या अभयारण्यात काम करायचं तर वनविभागाची परवानगी आधी काढा.

आता नीट ऐका. ती जाळ्याच्या मधोमध जाड पांढऱ्या रेशमाची नागमोडी फुली विणते, तीच नक्षी; फुलीचा एकेक पट्टा म्हणजे भुजा. ही फुली लांबूनच नजरेत भरते. त्यामुळे फुलीवाली जाळी तेवढी वहीत चढतात आणि शेवटी निष्कर्ष निघतो की सगळ्याच नक्षी काढतात. माझा पहिला हंगाम यातच गेला, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो. एकाच मादीच्या जाळ्यावर आज चार भुजा, उद्या दोन, परवा एकही नाही, असं होतं. पिल्लं तर बऱ्याचदा गोल चकती विणतात. तेव्हा नक्षीवरून प्रजाती ठरवू नका आणि नक्षी नाही म्हणून जाळं सोडू नका. एक पट्टा आखून घ्या. सकाळी ऊन समोरून येईल असे उभे राहा, म्हणजे साधे धागेही चमकतात. पट्ट्यातलं प्रत्येक जाळं लिहा. नक्षी नसेल तर रकाना कोरा ठेवू नका, शून्य लिहा. कोरा रकाना म्हणजे बघितलंच नाही.

ॲपवर फोटो टाकून प्रजातीचं नाव लावणं मला मुळीच पटत नाही. प्रौढ मादीचं जननांग मायक्रोस्कोपखाली तपासेपर्यंत वहीत 'आर्जिओपी' हे प्रजातीगटाचं (genus) नाव एवढंच लिहा.

गाईडला कोळ्यांतलं फारसं कळत नसेल तर घाबरू नका, माझ्याही गाईडना कळत नव्हतं. मात्र 'नक्षी का काढतात ते सिद्ध कर' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. 1895 मध्ये फ्रेंच कोळीतज्ज्ञ सिमाँने, नक्षीमुळे जाळं स्थिर राहतं म्हणून, तिला स्टॅबिलिमेंटम नाव दिलं. 1983 मध्ये आयस्नर आणि नोविकी यांनी दाखवलं की नक्षी दिसली की पक्षी जाळं टाळतात. 1990 मध्ये क्रेग आणि बर्नार्ड म्हणाले, तिच्यावरून परावर्तित होणारे अतिनील किरण किडे ओढतात. पुढे 1999 मध्ये ब्लॅकलेज आणि वेन्झेल यांना नक्षीच्या जाळ्यात शिकार उलट कमी मिळाली. हा वाद एका सेमिस्टरमध्ये मिटणारा नाही.

छोटा प्रश्न घ्या: भुजा किती, जाळं उघड्यावर की झुडपाच्या आडोशाला? सुरुवात ऑगस्टमध्येच करा. दिवाळीनंतर गवत कापलं गेलं की जाळ्यांना आधार उरत नाही.