अ‍ॅमकासचा जीपीए: घाबरण्याआधी स्वतः काढून बघा

मे महिना उजाडला की मला फोन सुरू होतात. "काकू, कॉलेजच्या पोर्टलवर जीपीए ३.७१ दिसतोय, पण मेडिकलला तो खाली येतो म्हणतात. किती येईल?" मी विचारते, मांडून पाहिलास का? नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दुसऱ्यांचे आकडे वाचून झालेले असतात, स्वतःचा एकदाही मांडलेला नसतो. हे एका दुपारचं काम आहे. आधी माझ्या मुलीसाठी केलं, मग ओळखीपाळखीतल्या मुलांसाठी करत आले.

अमेरिकेतली बहुतेक एमडी (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) देणारी कॉलेजं अ‍ॅमकास या सामाईक अर्जातून मुलं घेतात. तुमच्या कॉलेजने काढलेला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, अ‍ॅमकास वापरत नाही. एकेक कोर्स, त्याचे क्रेडिट (म्हणजे कोर्सचं वजन) आणि त्याची ग्रेड घेऊन सगळं नव्याने मोजतं. म्हणून पोर्टलवरचा आकडा बाजूला ठेवा.

१. ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रकं) गोळा करा

अमेरिका-कॅनडातल्या ज्या ज्या कॉलेजात नाव घातलं असेल, तिथलं प्रत्येक. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात घेतलेला एक कोर्सही आला आणि हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेजचे कोर्सही आले. "ते कोण बघतंय" असं सांगणारा एक तरी दादा भेटतोच. बघतात. कोर्स राहिले किंवा फार चुका निघाल्या तर अर्ज परत येतो आणि तुमचे आठवडे जातात. भारतातल्या विद्यापीठात काही शिकला असाल तर तेही नोंदवा, पण त्या ग्रेड जीपीएत धरत नाहीत. अपवाद एकच, अमेरिकेतल्या कॉलेजने त्याचं क्रेडिट आपल्या ट्रान्सक्रिप्टवर घेतलं असेल तर.

२. तक्ता मांडा

कोर्स, क्रेडिट, ग्रेड, गुण, विषयगट. कॉलेज सेमिस्टरऐवजी क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे लहान सत्रांचं, असेल तर क्रेडिटला दोन तृतीयांशाने गुणा. तीन क्वार्टर क्रेडिट म्हणजे दोन सेमिस्टर क्रेडिट.

३. ग्रेडचे गुण भरा

ए म्हणजे ४.०, ए-मायनस ३.७, बी-प्लस ३.३, बी ३.०, बी-मायनस २.७, आणि असंच खाली. ए-प्लसलाही ४.०च. कॉलेज ४.३ देत असेल तर तुमचा आकडा घसरणार, आणि त्यात तुमची काही चूक नाही. डब्ल्यू (मध्येच सोडलेला कोर्स), पास-फेलमधला पास आणि एपीचं (हायस्कूलमधल्या परीक्षेवर मिळालेलं) क्रेडिट सरासरीत येत नाही.

४. पुन्हा दिलेले कोर्स दोन्ही वेळा लिहा

ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी-मायनस आला, पुन्हा घेतला, ए मिळाला. बरीच कॉलेजं पहिली ग्रेड पुसून टाकतात. अ‍ॅमकास पुसत नाही. कोर्स चार क्रेडिटचा असेल तर १.७ चौक ६.८ आणि ४.० चौक १६, बेरीज २२.८, भागिले आठ क्रेडिट: २.८५. तुमच्या मनात त्या कोर्सला ४.० आहे, अर्जात २.८५ धरला जातो.

ऑस्टिओपथीच्या, म्हणजे डॉक्टरकीची डीओ ही दुसरी पदवी देणाऱ्या कॉलेजांच्या अर्जात शेवटचीच ग्रेड धरतात, असा सल्ला अजून फिरतो. ती सवलत २०१७ साली बंद झाली. हे सांगणाऱ्याने अर्ज कधी भरला होता, ते आधी विचारा.

५. विषयगट ठरवा

खरी गोची इथे आहे, आणि मी स्वतः इथेच आपटले. अ‍ॅमकास सगळ्या कोर्सचा एक जीपीए काढतं आणि बीसीपीएमचा, म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स या चौघांचा, वेगळा काढतं. कुठला कोर्स या चौघांत आणि कुठला "इतर"मध्ये, हे अर्जात आधी तुम्ही लिहायचं असतं. ते तपासणारा बदलू शकतो.

मुलीच्या वेळी मी कोर्सच्या कोडवरून गट पाडले. "बायो"ने सुरू होतो तो बायोलॉजी, "सायक"ने सुरू होतो तो इतर. दिसायला अगदी सरळ. तिचा न्यूट्रिशनचा कोर्स बायोलॉजी विभाग शिकवायचा, म्हणून मी तो बीसीपीएममध्ये टाकला. तपासणीत तो हेल्थ सायन्सेसमध्ये, म्हणजे इतरमध्ये गेला आणि विज्ञानाचा जीपीए उतरला. उलट तिचं स्टॅटिस्टिक्स सायकॉलॉजी विभागातलं, ते मी इतरमध्ये लोटलं. ते मॅथ्समध्ये जायला हवं होतं आणि तिला त्यात ए होता. ही दुसरी चूक मला दोन वर्षांनी कळली, दुसऱ्याच मुलाचा तक्ता भरताना. मुलीला अजून सांगितलेली नाही.

तेव्हा कोड आणि विभाग विसरा. कोर्समध्ये मुख्यतः काय शिकवलं, त्यावर गट ठरतो. अभ्यासक्रमाचा कागद उघडा आणि आठवड्यांचे विषय वाचा. न्यूरोसायन्स, जेनेटिक्स, फिजिऑलॉजी बायोलॉजीत. बायोकेमिस्ट्री केमिस्ट्रीत. अ‍ॅस्ट्रॉनॉमी फिजिक्समध्ये, ही पुष्कळांच्या हातून सुटते. बायोस्टॅटिस्टिक्स मॅथ्समध्ये. सायकॉलॉजी, पब्लिक हेल्थ, कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंग इतरमध्ये. बायोमेडिकल इंजिनिअरिंगवाली मुलं इथे हमखास हिरमुसतात, पण नावात "बायो" असून भागत नाही.

आता हुशारीबद्दल. ए मिळालेला प्रत्येक कोर्स ओढूनताणून विज्ञानात बसवायचा आणि बी मिळालेला बाहेर ढकलायचा, असं शिकवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. खोटेपणाचा मुद्दा सोडा, नुसतं गणित बघा. बीसीपीएमचे ५० क्रेडिट आहेत आणि जीपीए ३.५० आहे. तीन क्रेडिटचा ए आत ओढलात तर तो ३.५३ होतो. एवढ्यासाठी तपासणाऱ्याशी झटापट करायची? कोर्स खरोखर सीमेवरचा असेल तर हक्काने विज्ञानात टाका आणि अभ्यासक्रमाची फाइल जवळ ठेवा. गट चुकीचा बदलला असं वाटलं तर फेरतपासणी मागता येते, पण तिची मुदत थोडी असते.

६. भागाकार करा

गुण गुणिले क्रेडिट, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. सेमिस्टरवार जीपीएंची सरासरी काढू नका, क्रेडिट कमी-जास्त असतात. पदवीच्या प्रत्येक वर्षाचे आकडे वेगवेगळेही काढून ठेवा, कारण कॉलेजांना ते तसेच दिसतात. पहिल्या वर्षी ३.१ आणि चौथ्या वर्षी ३.९ हा चढही त्यात दिसतो. मास्टर्स केलं असेल तर त्याचा जीपीए वेगळा, तो पदवीच्या जीपीएत मिसळत नाही.

७. टेक्सासचं वेगळं

तिथल्या सरकारी कॉलेजांचा अर्ज वेगळा आहे आणि त्यात प्लस-मायनस धरत नाहीत. ए-मायनसचे ४, बी-प्लसचे ३. तक्त्याची प्रत काढून गुणांचा रकाना बदला, झालं.

८. ताडून बघा

अर्ज तपासून आला की अ‍ॅमकासचा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवा. ३.७१वाल्या मुलाचा आम्ही ३.५८ काढला होता. फरक कशाने पडला तेही तक्त्यातच दिसत होतं: पुन्हा दिलेलं केमिस्ट्री, कम्युनिटी कॉलेजातलं कॅल्क्युलस आणि दोन ए-प्लस. तपासून आला तो ३.५८च. तुमचा जुळला नाही तर आधी क्रेडिटचा रकाना बघा. माझं तिथे दोनदा चुकलंय, दोन्ही वेळा क्वार्टरचे सेमिस्टर करायचे राहिले होते.