बोर्डाचं काम दाखवायला जाताना

बेळगावच्या शहापुरात घरीच बसून मी दुकानांचे बोर्ड, लग्नपत्रिका आणि मिठाईच्या बॉक्सची डिझाइनं करते. अगदी सुरुवातीला एका सराफाकडे ४० पानांची फाइल घेऊन गेले होते. शेटजींनी पत्ते पिसावेत तशी पानं उलटली आणि थांबले ते नेमके एका कन्नड ओळीवर. 'ल' हवा तिथं मी 'ळ' टाकलेला. "आमच्या नावात पण असंच करणार काय ओ?" काम गेलं.

आता फाइलमध्ये १२ कामं, त्याहून एक जास्त नाही. सगळ्यात चांगलं पहिल्या पानावर, त्याच्या खालोखालचं शेवटी. भाचीच्या बारशाची पत्रिका कितीही लाडकी असली तरी बाहेर. कन्नड मजकूर शेजारच्या, शाळा कन्नडमध्ये झालेल्या बाईंकडून वाचून घेते.

ही १२ सगळ्यांना तीच दाखवायची नाहीत. गोकाकच्या करदंट मिठाईवाल्याला लग्नपत्रिकेचं काय? त्याला बॉक्स दाखवा. दुकानदाराला मात्र बोर्डच हवा, आणि इथं खरी परीक्षा. २०२४ च्या कायदादुरुस्तीपासून कर्नाटकात दुकानाच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड लागतं. म्हणून मी एकाच नावाचे दोन नमुने ठेवते: एकात मराठी कोपऱ्यात कोंबलेलं, दुसऱ्यात उरलेल्या जागेतही रस्त्यापलीकडून वाचता येणारं. कन्नड जोडाक्षरं खाली लोंबतात, मराठीच्या वेलांट्या-मात्रा वर चढतात. दोन ओळींत जागा सोडली नाही तर एकमेकांत अडकतात. हे दोन कागद शेजारी ठेवले की बोलायची फारशी गरज पडत नाही.

कॉम्प्युटरवरचं चित्र पुरत नाही. बोर्ड लागल्यावर समोरच्या फुटपाथवरून फोटो काढा, खाली माणूस उभा असू द्या, म्हणजे आकार कळतो. प्रत्येक फोटोखाली दोनच ओळी: माप, फ्लेक्स की ॲक्रिलिक, आणि त्यातलं तुमचं काम किती. फिटिंग दुसऱ्यानं केलं असेल तर तसं लिहा. बेळगाव काही मोठं नाही, तो फिटर उद्या त्याच दुकानात चहा पीत बसलेला असतो. गिऱ्हाईकाला विचारूनच त्याचं काम दाखवा, आणि पत्रिकेवरचे फोन नंबर झाका.

पाठवायचं तर पीडीएफ. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल दिली आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की अक्षरांचा चिवडा होतो. आधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचे नुसते आकार उरतात, फॉन्ट लागत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलात तर धुरकट दिसतं, डॉक्युमेंट म्हणून टाका.

पिशवीत ॲक्रिलिकचं एक कापलेलं अक्षर असतंच माझ्या. लोक ते हातात घेऊन टकटक वाजवतात, आणि तेवढ्यात मी गप्प बसते.

शेवटी बहुतेक जण म्हणतात, "एक सँपल करून आणा की, बघू." कागदावर पेन्सिलीनं तिथंच काढून दाखवते, ते फुकट. फाइल हवी तर ॲडव्हान्स.