कोकणात जुनी गाडी घेताना इंजिनाआधी पत्रा बघा

दोन-तीन लाखांत जुनी गाडी घ्यायची म्हटलं की बहुतेक जण बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि गाडी किती किलोमीटर पळालीय ते विचारतात. कोकणात हा क्रम उलटा हवा. इंजिनाचं काम तालुक्याच्या गावातला चांगला मेकॅनिक करून देतो. खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने सडलेला पत्रा मात्र पूर्ववत होत नाही. वेल्डिंग करून तुकडा बसवला तरी काही पावसाळ्यांत शेजारचा भाग सुटायला लागतो. म्हणून पहिला अर्धा तास गाडीच्या खाली घालवा. रॅम्प असलेल्या गॅरेजवर किंवा वॉशिंग सेंटरवर गाडी न्यायला मालक तयार नसेल, तर व्यवहार तिथेच सोडा.

सगळ्यात आधी बघायची ती दारांखालची लांब पोकळ पट्टी, जिथे जॅक लावतात ती. तिला खालून पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. तांबड्या मातीने ती बुजतात, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून कुजत येतो. बाहेरचा रंग तोवर चकचकीत असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पट्टीवर टोक ते टोक ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. मध्येच बद्द आवाज आला तर तिथे पुट्टी भरलेली आहे किंवा पत्रा पापडासारखा झालाय. फडक्यात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक फिरवलं की पुट्टी लगेच कळते, कारण जाड पुट्टीवर ते धरत नाही. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथे चुंबक लावून काही समजणार नाही.

मग शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बसतात त्या जागा बघा. पुढच्या चाकांच्या जागा बॉनेट उघडल्यावर दिसतात, मागच्यांसाठी डिकीतलं कार्पेट उचला. इथे पापुद्रे निघत असतील तर गाडी नको, किंमत कितीही उतरवली तरी. गाडीच्या तळाखालून मागच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर नख घासा. वरवरचा तांबूस रंग चालेल, खपल्या निघाल्या तर नळ्या बदलाव्याच लागतील, आणि त्या बदलल्याशिवाय घाट उतरायचा नाही. एसीच्या कंडेन्सरच्या (पुढच्या जाळीमागचा, रेडिएटरसारखा दिसणारा भाग) पातळ पट्ट्या बोट लावताच भुगा होत असतील तर एसीचा खर्च किमतीतून वजा करा. खाली सगळीकडे नुकतंच काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका, त्याखाली काय आहे ते विचारा.

घाटावरची, म्हणजे कराड-कोल्हापूरकडे वापरलेली गाडी पत्र्याच्या बाबतीत बरी निघते. मुंबईकर वर्षभर गावी झाकून ठेवतात आणि गणपतीला बाहेर काढतात त्या गाड्यांचे किलोमीटर कमी असतात, पण उभ्या गाडीच्या डिस्कना गंज चढतो, टायरना चिरा पडतात आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. खाच भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर जुनाच धरायचा.

२२ जुलै २०२१ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं होतं. त्याआधीची गाडी असेल तर पुराची तपासणी वेगळी करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यात बारीक माती आहे का, ते पाहा. कार्पेटला अत्तरी वास मारत असेल तर ते उचलून खालचा फोम हाताने दाबा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे. एअरबॅग असलेल्या गाडीत तो पेटतच नसेल तर कुणीतरी काढून टाकला असल्याचा संशय घ्या.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेल्याचा संशय घ्या.

चाचणी घाटातच घ्या. चिपळूणहून कुंभार्ली, रत्नागिरीहून आंबा, सावंतवाडीहून आंबोली. चार माणसं बसवून एसी लावून चढा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, असं झालं तर क्लचप्लेट संपलीय. वर पोचल्यावर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून थांबा. रेडिएटरचा पंखा लागला पाहिजे आणि तापमान वाढता कामा नये. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर (डिस्कवर ब्रेकपॅड दाबणारा भाग) अडकत असेल.

या बजेटमध्ये टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आणि साधा, हाताने बदलायचा गिअर बरा: वॅगन आर, अल्टो के१०, आय१०, सेलेरिओ. सुटे भाग सहज मिळतात. जवळच्या जवळ फिरायला डिझेल घेऊ नका. इंजेक्टर किंवा पंपाचा एकच खर्च दोन वर्षांची इंधनबचत खाऊ शकतो.

कागदपत्रांत मालकाचं नाव, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं परिवहनच्या साइटवर गाडीनंबर टाकून तपासा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नोंदणी १५ वर्षांची असते. दहा वर्षांची गाडी घेतली तर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्याच माथी. गोव्याची गाडी स्वस्त दिसते, पण इथे आणताना तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, तो आधीच हिशेबात धरा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, पैसे बँकेतून द्या आणि ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. नो क्लेम बोनस (विमा दावा न केल्याची हप्त्यातली सूट) विकणाऱ्याकडेच राहतो, त्यामुळे तुमचा हप्ता थोडा वाढेल.

सगळे पैसे गाडीतच घालू नका. तीस हजार तरी बाजूला ठेवा: ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी आणि लागले तर दोन टायर. पहिल्याच सर्व्हिसला दारांखालच्या पट्ट्यांची आणि दारांची भोकं तारेने मोकळी करून घ्या. गंजरोधक कोटिंग एप्रिल-मेमध्ये, खालून धुऊन गाडी दोन दिवस उन्हात वाळवल्यावरच मारायचं. ओल्या पत्र्यावर मारलं तर ओल आतच कोंडते आणि गंज दुप्पट जोराने लागतो.